एका पाकिटाच्या दोन पेरण्या: पुण्याच्या गच्चीवर बियांपासून लॅव्हेंडर

पुण्यातल्या एका चार मजली इमारतीची गच्ची. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम बाजू उघड्या. उत्तरेला जिन्याची खोली आणि तिच्यापुढे पाच फूट बाहेर आलेलं पारदर्शक पत्र्याचं छप्पर. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, जास्वंद असं सगळं तिथे सुखाने वाढतंय, म्हणजे घरच्यांचा हात बागेला नवखा नाही. अशा घरात लॅव्हेंडरच्या बियांची दोन पाकिटं आली. एक इंग्लिश लॅव्हेंडरच्या (लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया) ‘मन्स्टेड’ वाणाचं, 100 बियांचं. दुसरं नेच्यासारख्या कातरलेल्या पानांच्या मल्टिफिडा जातीचं, 50 बियांचं. पुढच्या वर्षीचा पावसाळा सरला तेव्हा मन्स्टेडची 4 झाडं हाताशी होती आणि मल्टिफिडाची 5.

ही गच्ची नमुन्यादाखल घेतली आहे. पुण्यातल्या गच्च्यांवर लॅव्हेंडरच्या बाबतीत जे वारंवार घडतं, ते एका जागी मांडता यावं म्हणून. पेरलेल्या आणि उरलेल्या रोपांचे आकडे त्या मांडणीतले आहेत, कुठल्या सर्वेक्षणातले नव्हेत.

रोपं कुठे गेली याचा हिशेब लावला की एक गोष्ट उठून दिसते. लोक घाबरतात ते उगवणीला. ‘लॅव्हेंडरचं बी उगवतच नाही’ हे ठरलेलं वाक्य. प्रत्यक्षात न उगवलेल्या बियांचं दुःख थोडं असतं, कारण बी स्वस्त असतं. महाग पडतात ती सात-आठ महिने वाढवून जूनमध्ये गेलेली झाडं. म्हणून दख्खनमध्ये लॅव्हेंडरचं वेळापत्रक पेरणीपासून पुढे मोजू नये, जूनपासून मागे मोजावं.

पाकिटात नेमकं काय आहे

पेरणीआधी बी तळहातावर घेऊन बघायचं. लॅव्हेंडरचं बी सुमारे 2 मिलिमीटर लांब, 1 मिलिमीटर रुंद, लांबट, चकचकीत तपकिरी ते काळपट असतं आणि एका टोकाला फिकट पांढरा ठिपका असतो. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया बसतात. बी गोल असेल, चपटं असेल, मोहरीएवढं टपोरं असेल तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे. निळी, गुलाबी, पिवळी ‘मिक्स लॅव्हेंडर’ असं चित्र असलेलं पाकीट घेऊच नये. ‘ग्रोसो’ किंवा ‘प्रोव्हान्स’ नावाने विकलं जाणारं बीही नको. ते दोन्ही लॅव्हेंडिन या संकराचे वाण आहेत, आणि लॅव्हेंडिन वांझ असतं. त्याची रोपं फक्त काड्यांपासून होतात.

बियांपासून केलेली रोपं एकमेकांसारखी निघत नाहीत, हेही आधीच पत्करावं लागतं. कुणाचं पान रुंद, कुणाची वाढ आडवी, वासही कमीजास्त. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी लॅव्हेंडर मोठ्या प्रमाणावर उभं केलं आहे, पण तिथली लागवड मुळं फुटलेल्या काड्यांची असते, कारण तेलाला एकसारखेपणा लागतो. घरच्या बागेला तो लागत नाही. उलट वीस-पंचवीस वेगवेगळ्या रोपांत आपल्या हवेला तग धरणारं एखादं सापडण्याची शक्यता असते. काड्यांऐवजी बी पेरण्याचा तेवढा एक फायदा आहे, आणि तो लहान नाही.

जुलैची पेरणी

पाऊस स्थिरावला की बी टाकायचं, ही आपली जुनी सवय. भाजी, फुलं, वेल, सगळं त्या हिशेबाने चालतं. या घरातही मन्स्टेडच्या 40 बिया जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरल्या गेल्या. मिश्रण कुंडीचंच: बागेतली काळी माती आणि गांडूळखत अर्धं अर्धं, वर बोटभर मातीचा थर. ट्रे छपराखाली, त्यावर उगवेपर्यंत आणि उगवल्यानंतरही प्लास्टिकचं झाकण.

9 बिया उगवल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नऊच्या नऊ रोपं आडवी झाली.

न उगवलेल्या एकतीसमागे दोन कारणं. पहिलं, बी बोटभर खोल गेलं. लॅव्हेंडरच्या बियांना उगवताना उजेड मिळाला तर बरं असतं, आणि एवढ्या बारीक बियांत इतक्या खोलून वर येण्याइतका साठाही नसतो. दुसरं, बियांना थंडी मिळाली नव्हती. इंग्लिश लॅव्हेंडरचं बी मूळचं डोंगराळ भूमध्य प्रदेशातलं. हिवाळा ओल्या, गार मातीत काढल्यावर वसंतात उगवायचं, असा त्याचा क्रम. थंडीशिवाय काही बिया उगवतात, पण रडतखडत.

उगवलेली नऊ रोपं कशाने गेली हे खोडाकडे बघून कळतं. मातीच्या पातळीला देठ पाणचट, मग दोऱ्यासारखा बारीक होतो आणि वरची पानं हिरवी असतानाच रोप कलंडतं. हे रोपं कोलमडण्याचं दुखणं. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींना हवं असतं ते सगळं त्या ट्रेमध्ये होतं: 25-28 अंशांची ऊब, कधीही न सुकणारा पृष्ठभाग, कोंडलेली हवा, ढगाळ उजेड आणि कच्चं सेंद्रिय खत. कोलमडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. त्यावर औषध शोधण्यापेक्षा ते मिश्रणासकट चमच्याने काढून टाकावं आणि बाकीच्या पृष्ठभागावर कोरडी वाळू भुरभुरावी.

घटस्थापना ते दिवाळी

मन्स्टेडच्या उरलेल्या 60 बियांपैकी 50 दुसऱ्या पेरणीला घेतल्या. या वेळी क्रम बदलला, आणि त्याचं वेळापत्रक आपल्या पंचांगात आयतंच आहे. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत जवळपास चार आठवडे होतात. इंग्लिश लॅव्हेंडरच्या बियांना ओल्या थंडीतही तीन-चार आठवडेच लागतात. घट बसतात त्या दिवशी बी फ्रीजमध्ये, दिव्यांच्या दिवसांत मातीत. तोपर्यंत ऑक्टोबरची उष्णता उतरलेली असते आणि घरातलं तापमान 20 ते 25 अंशांवर येतं. या बियांना 18 ते 24 मानवतं.

फ्रीजमध्ये ठेवायची पद्धत अशी. मूठभर धुतलेलं कोकोपीट किंवा बारीक वाळू ओली करून मुठीत घट्ट पिळायची. थेंब पडला तर ओल जास्त आहे. त्यात बी कालवून झिपच्या पिशवीत भरायचं, वर वाण आणि तारीख लिहायची. पिशवी खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायची, कारण दाराच्या फळीवर तापमान सतत वरखाली होतं. फ्रीझरमध्ये अजिबात नाही. कोरडं पाकीट फ्रीजमध्ये ठेवून काही साधत नाही. बियांनी आधी पाणी प्यायलेलं असेल तरच थंडीचा उपयोग होतो. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बघायची. पांढरी बुरशी दिसली तर बी चाळून, धुऊन नव्या वाळूत. एखाद्या बियाला फ्रीजमध्येच मोड आला तर थांबायचं नाही, पिशवी त्याच दिवशी पेरायची.

घाई असेल तर जिबरेलिक आम्लाचा, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचा, रस्ता आहे. द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात तेच. 100 मिलिग्रॅम भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून अर्ध्या लिटर पाण्यात मिसळली की 200 पीपीएमचं द्रावण होतं. त्यात बी 24 तास भिजवून पेरतात. उगवण वाढते हे खरं, पण मात्रा जास्त झाली तर रोपं लांबुडकी निघतात. चार आठवडे थांबता येत असताना याची गरज नाही.

मल्टिफिडाला थंडी लागत नाही. त्याच्या 25 बिया कोरड्याच, मन्स्टेड मातीत गेलं त्याच दिवशी पेरल्या.

ट्रे भाजीच्या रोपवाटिकेतला, 98 कप्प्यांचा. मिश्रण: 2 भाग धुतलेलं कोकोपीट, 1 भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), 1 भाग चाळलेली जाड वाळू. खत शून्य. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट 4 लिटर पाण्यात फुगवली की आठ-नऊ लिटर माल होतो. तो दोनदा पाण्यातून काढून पिळायचा, कारण विटेत क्षार असतात आणि कोवळी मुळं त्याने जळतात. मिश्रणात ट्रायकोडर्मा, ही रोगकारक बुरशींना रोखणारी बुरशी, किलोला 10 ग्रॅम या मापाने मिसळली. मात्र त्यावर लगेच कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची आळवणी करू नये, म्हणजे त्याचं द्रावण मुळाशी ओतू नये. तांबं या उपकारी बुरशीलाही मारतं. दोन्हीपैकी एक निवडायचं.

प्रत्येक कप्प्यात एक बी, बोटाने नुसतं दाबून. वर 2 मिलिमीटर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारा हलका खनिज चुरा), तेही बी पुसट दिसत राहील इतकंच. पाणी वरून नाही: ट्रे 2 सेंटिमीटर पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, वरची बाजू ओलसर दिसली की उचलून निथळू द्यायचा. झाकण पहिलं रोप दिसेपर्यंतच. ते दिसलं की झाकण कायमचं बाजूला, बाकीच्या बिया उगवायच्या असल्या तरी. इथे बहुतेकांचा हात अडखळतो, कारण ‘अजून अर्ध्या यायच्या आहेत’ असं वाटतं. झाकणाखाली उशिरा येणाऱ्या पाच रोपांपेक्षा आधी आलेल्या पंधरांचं मोल जास्त.

मल्टिफिडाची पहिली रोपं नवव्या दिवशी, एकूण 19. मन्स्टेडची तेराव्या दिवशी सुरुवात आणि पाचव्या आठवड्यापर्यंत एकेक करत 27. ही दिरंगाई बियांचा दोष नाही, लॅव्हेंडर असंच उगवतं. महिन्याच्या आत ट्रे उपसून टाकू नये. पहिली दोन पानं म्हणजे बीजपत्रं, ती गोलसर असतात. नंतरची खरी पानं समोरासमोर, अरुंद आणि राखाडी छटेची. तिसरी जोडी आल्यावर पान चुरगळून वास घ्यावा. वास नसेल तर ते तण.

मन्स्टेडची 4 रोपं या वेळीही कोलमडली, सगळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली, जिथे ट्रे किंचित वाकल्यामुळे पाणी साचत होतं. उरलेल्यांतून खुरटी 5 काढून टाकली.

कुंडी, माती आणि तळातली खापरं

चार-सहा खरी पानं आल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या मध्यात, रोपं 3 इंची पिशव्यांत हलवली. पकडायचं ते पानाला, देठाला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं. मन्स्टेडच्या 18 पैकी 6 शेजारी गेली, 12 राहिली. मल्टिफिडाची धडधाकट 8 ठेवली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिशवीच्या भोकांतून मुळं डोकावू लागली तेव्हा रोपं 8 इंची मातीच्या कुंड्यांत गेली. या टप्प्यावर केलेली चूक चार महिने दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

काळ्या मातीचा सामू (पीएच) लॅव्हेंडरला चालतो. दख्खनची काळी माती बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असते आणि लॅव्हेंडरला उदासीन ते किंचित अल्कधर्मी जमीन आवडते. अडचण तिच्या पोताची. ती पाणी धरून बसते, फुगते आणि सुकली की भेगाळते. त्यामुळे ‘माझी माती अल्कधर्मी आहे, म्हणून लॅव्हेंडरला योग्य’ हा हिशेब अर्धाच खरा. उलट कोकणातली जांभ्याची लाल माती निचरा बरा देते पण आम्लधर्मी असते. तिथे कुंडीमागे दोन चहाचे चमचे शेतीचा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळावं लागतं. विड्याच्या पानाला लावायचा चुना त्या जागी वापरू नये, तो फार तीव्र असतो. अंड्यांच्या कवचांचा चुरा चालतो, पण तो इतक्या सावकाश विरघळतो की पहिल्या वर्षी त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

या गच्चीवर वापरलेलं मिश्रण दहा भागांचं: 3 भाग लाल माती, 3 भाग 4 ते 6 मिलिमीटरची खडी आणि विटांचा चुरा, 2 भाग जाड वाळू, 1 भाग कोकोपीट, 1 भाग जुनं गांडूळखत. हे बघून जास्वंद वाढवणाऱ्याला वाटेल की कुंडीत माती कमी आणि बांधकामाचा राडारोडा जास्त आहे. तसंच पाहिजे. कसोटी सोपी: भरलेल्या कुंडीत एक लिटर पाणी ओतलं की ते वर तळं करून राहता कामा नये आणि अर्ध्या मिनिटात खालच्या भोकातून धार लागली पाहिजे. लागत नसेल तर रोप लावायच्या आधी खडी वाढवा. प्लास्टरची अगदी बारीक वाळू खडीच्या जागी चालत नाही. ती मातीच्या फटी बुजवते आणि मिश्रण सिमेंटसारखं बसतं.

तळाला खापरांचा किंवा दगडांचा जाड थर द्यायची पद्धत घरोघरी आहे. निचरा वाढावा म्हणून देतात, होतं उलट. बारीक माती आणि जाड दगड यांच्या सीमेवर पाणी अडतं. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय ते खाली उतरत नाही. म्हणजे ओला पट्टा तळाशी राहण्याऐवजी मुळांच्या जवळ वर सरकतो. भोकावर जाळीचा एक तुकडा किंवा एक वाकडं खापर पुरे. खडी घालायची ती मिश्रणात सगळीकडे सारखी.

कुंडी मातीची, बिनरंगाची. रंगवलेली कुंडी प्लास्टिकच्या कुंडीसारखीच वागते. 8 इंचांवरून थेट 14 इंचांवर उडी मारू नये, कारण मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. बशी नको, कुंडी दोन विटांवर, भोक मोकळं. रोप लावताना आधीच्या पातळीपेक्षा खोल नाही, उलट बोटाच्या पेरभर उंचवट्यावर. वर बारीक पांढरी खडी 1-2 सेंटिमीटर, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत.

खत फार थोडं. डिसेंबर-जानेवारीत पंधरवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला 1 ग्रॅम, मग बंद. जीवामृताचा मारा, दर आठवड्याला खरकट्या पाण्याचा डोस, हे लाड तुळशीचे. नत्र जास्त झालं की लॅव्हेंडरची वाढ लुसलुशीत होते आणि अशी कोवळी फांदी पावसाळ्यात आधी सडते. 7-8 सेंटिमीटर उंचीला शेंडा खुडला, पुढच्या सहा आठवड्यांत पुन्हा एकदा. मन्स्टेड हिवाळाभर इतकं सावकाश वाढतं की आपलं काही चुकतंय असं वाटतं. चुकत नसतं, या काळात ते खाली मुळं करत असतं.

फुलं

मल्टिफिडाला मार्चमध्ये निळसर जांभळे त्रिशूळासारखे तुरे आले. दिसायला देखणे. वास मात्र साबणात, अत्तरात ओळखीचा झालेला तो नाही. पान चोळलं तर ओव्याच्या कुळातला, पिझ्झ्यावरच्या ओरेगॅनोसारखा येतो. हे आधी माहीत नसलं की घरच्यांचा हिरमोड होतो.

मन्स्टेडला फुलं आली नाहीत. पानांना हवा तो सुगंध आहे, झाड निरोगी आहे, कळीचा पत्ता नाही. यात खत कमी पडलं असं नाही. या जातीला भरघोस फुलायला 5 अंशांच्या आसपासची थंडी दहा-पंधरा आठवडे लागते आणि नंतर मोठे दिवस लागतात. पुण्याच्या जानेवारीत रात्री 11-12 अंश, दुपारी 29-30. जूनमधला सर्वांत मोठा दिवस इथे सव्वातेरा तासांच्या आसपास, फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये साडेपंधरा. बियांना फ्रीजमध्ये दिलेली थंडी फक्त उगवणीपुरती असते, फुलांच्या हिशेबात ती धरता येत नाही. थंडी कमी लागणारे ‘एलेगन्स’सारखे वाण पहिल्याच वर्षी फुलावेत म्हणून काढलेले आहेत, फुलांसाठी इंग्लिश लॅव्हेंडरच हवं असेल तर पुढच्या खेपेला तसं बी घ्यावं. दिसायला लॅव्हेंडर, हवा आपली, असं हवं असेल तर मल्टिफिडा किंवा दातेरी पानांचं डेंटाटा.

महाबळेश्वरला थंडी असते, मग तिथे सोपं जाईल असं पुष्कळांना वाटतं. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. थंडीने जे मिळेल ते पावसात वाहून जाईल.

जून

प्रोव्हान्सच्या लॅव्हेंडरच्या पट्ट्यात वर्षभरात पडणारा पाऊस पुण्याच्या पावसापेक्षा फार कमी नाही. दोन्हीकडे ढोबळमानाने 700 मिलिमीटर. फरक वेळेचा. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः गारव्यात. आपल्याकडे चार महिन्यांत बहुतेक सगळा पाऊस, तोही मातीचं तापमान 25 अंशांच्या वर असताना. मुळं कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरा या दोघांना याहून चांगली सोय कुठली. नुसतं पाणी लॅव्हेंडर काही काळ सोसतं, नुसती उष्णताही सोसतं. दोन्ही एकदम आली की दहा दिवसांत खेळ संपतो.

एप्रिल-मे त्यामानाने बरे गेले. दुपारी तीननंतर पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाला 35 टक्क्यांचं शेडनेट, पाणी सकाळी लवकर, कुंडी उचलून हलकी लागली तरच. स्लॅबची धग मुळांना लागू नये म्हणून विटा होत्याच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाच्या पहिल्या सरीनंतर, छपराखाली जागा बारा कुंड्यांचीच निघाली. 6 मन्स्टेड आणि 6 मल्टिफिडा आत गेल्या, राहिलेल्या 8 कठड्यालगत उघड्यावर. त्यांच्यावर प्लास्टिक ताणायचं ठरलं होतं. वाऱ्याने ते आठवडाभरात फाडलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उघड्यावरचं एक मन्स्टेड दुपारी मान टाकून उभं दिसलं. खालची पानं पिवळी, मग राखाडी तपकिरी. घरच्यांनी पाणी घातलं. कोमेजलेल्या झाडाला पाणी घालणं ही कुणाचीही पहिली प्रतिक्रिया असते, आणि लॅव्हेंडरच्या बाबतीत नेमकी तीच घातक ठरते. मुळं कुजली की झाडाला माती ओली असूनही पाणी ओढता येत नाही. वरून दिसणारी लक्षणं तहानलेल्या झाडाचीच असतात. भेद दोन गोष्टींनी होतो. कुंडी उचलून बघायची: जड असेल तर तहान नाही. आणि संध्याकाळी बघायचं: तहानलेलं झाड पाणी दिल्यावर उभं राहतं, मूळकुजीचं रात्रीही मान टाकूनच असतं.

कुंडी उपडी केल्यावर निदान पक्कं झालं. निरोगी मूळ पांढरट आणि ताठ असतं. इथे ती तपकिरी, मऊ, आणि दोन बोटांत ओढल्यावर बाहेरची साल निघून आत दोरा उरत होता. मातीला कुबट वास. इतकं झाल्यावर झाड वाचत नाही. शेंड्याच्या हिरव्या काड्या घेऊन त्या रुजवायचा प्रयत्न करता येतो, तोही बुरशी खोडात वर चढलेली नसेल तर. ती माती दुसऱ्या लॅव्हेंडरला, रोझमेरीला किंवा सेजला वापरू नये.

जुलै संपायच्या आत उघड्यावरची आठही झाडं गेली, मल्टिफिडाची दोन धरून. छपराखालच्या बारांपैकी तीन गेली: दोन मन्स्टेड, एक मल्टिफिडा. ती तिन्ही दक्षिणेच्या काठाला होती. पुण्यात पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, छपराचा शेवटचा दीड फूट भिजतोच.

वाचलेल्या नऊ झाडांना काय मिळालं? छप्पर तर होतंच, पण त्याच्या जोडीला मेच्या मध्यात केलेली छाटणी होती. वरची हिरवी वाढ एक तृतीयांश काढली, मधल्या एकमेकांत गुंतलेल्या फांद्या विरळ केल्या, मातीपासून 5-6 सेंटिमीटरपर्यंतची पानं खुडून खोड उघडं केलं. छाटताना हिरव्या पानांच्या भागातच थांबायचं. तपकिरी, बिनपानांच्या लाकडात कापलं तर तिथून बहुधा फूट येत नाही. कुंड्यांमध्ये फूटभर अंतर ठेवलं, म्हणजे वारा आरपार जातो. पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा, काही आठवड्यांत एकदाही नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइडची लिटरला अडीच ग्रॅम या मापाने एक आळवणी जूनच्या सुरुवातीला झाली. तिचा वाटा किती हे सांगणं अवघड आहे, कारण छपराखालच्या काठावरची तीन झाडं आळवणी होऊनही गेली.

याच गच्चीवर पुढच्या वर्षी

कुंड्या बारापेक्षा जास्त वाढवायच्याच नाहीत, आणि काठाचा दीड फूट रिकामा सोडायचा, म्हणजे खरं तर आठ-नऊच. रोपं कितीही आली तरी पावसाळ्यातली कोरडी जागा जेवढी, तेवढीच ठेवायची. बाकीची फेब्रुवारीत वाटून टाकावीत. छप्पर नसेल तर उजेडाची खिडकी किंवा बंद बाल्कनी चालते, दिवसाचे चार-पाच तास ऊन आणि पंख्याचा वारा मिळत असेल तर. दोन्ही नसेल तर लॅव्हेंडर हिवाळी हंगामी म्हणून करावं: दिवाळीला मल्टिफिडा पेरायचं, मार्च-एप्रिलमध्ये फुलं बघायची आणि जूनमध्ये झाडाचा लोभ धरायचा नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या दमट हवेसाठी हाच मार्ग धडाचा. तिथे इंग्लिश लॅव्हेंडरच्या मागे लागू नये.

वाचलेल्या चार मन्स्टेडमधलं एक झाड बाकीच्यांपेक्षा ठेंगणं, बारीक पानांचं आहे आणि जुलैतही त्याचं एक पान पिवळं पडलं नाही. त्याच्या काड्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान घ्यायच्या: फुलं नसलेला शेंडा, 8 सेंटिमीटर, खालची अर्धी पानं काढून, अर्ध्या वाळू-अर्ध्या परलाइटमध्ये. तीन ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात. मल्टिफिडाचे सुकलेले तपकिरी तुरे कागदी पिशवीत झटकले की बी मिळतं.

फ्रीजमध्ये मन्स्टेडच्या 10 आणि मल्टिफिडाच्या 25 बिया शिल्लक आहेत, झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसोबत. लॅव्हेंडरच्या बियांचा जोम दर वर्षी उतरतो, त्यामुळे मल्टिफिडाच्या दहा बिया सप्टेंबरमध्ये ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून बघायच्या. तीन आठवड्यांत पाचपेक्षा कमी उगवल्या तर नवं पाकीट घ्यायचं.